गिदोनाला कुणी समजावलं नाही

परभणी

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू "काही नाही मावशी, बरी आहे" यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून मीही कागदच घेतला.

वॉर्डात सगळ्यांदेखत तुला बोलणी खावी लागली, ते वाचून जीव कळवळला. पण मला जास्त काळजी वाटली ती त्याच्या पुढच्या ओळींची. बोलणारी बाई पाच मिनिटांत आपल्या कामाला निघून गेली, तिचं बोलणं मात्र तू खोलीवर घेऊन आलीस आणि त्यात स्वतःची भर घालत बसलीस. मी नर्स व्हायच्या लायकीची नाही. घरच्यांचे पैसे वाया घालवतेय. प्रार्थनेला बसले तर देवही म्हणत असेल, आली पुन्हा रडायला. आणि वर पुण्यातल्या मुली परभणीचं नाव काढलं की 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून हसतात, तेही तुला खरंच वाटायला लागलंय.

परभणीपुरतं उत्तर माझ्याकडे तयार आहे. इथल्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी आणि 'परभणी मोती' ज्वारी कितीतरी शेतकऱ्यांच्या रानात उभी राहिली, हे त्या मुलींना खुशाल सांग. पण त्यानं तुझ्या आतला आवाज गप्प बसेल असं मला वाटत नाही. तू म्हणशील, परभणी चांगली असेल, मीच वाईट. त्या आवाजाचं हेच असतं. त्याला एक शाबासकी दाखवली की तो दोन चुका काढून दाखवतो. "मी हुशार आहे, मी हुशार आहे" असं घोकून त्याच्याशी वाद जिंकता येत नाही.

माझ्या वर्गात पूर्वी एक मुलगी होती. गणित बरोबर सोडवायची, पण मी बाकाजवळ गेले की पाटीवरचं उत्तर तळहातानं पुसून टाकायची. चूक निघेल या भीतीनं बरोबर उत्तरही ती मला दिसू द्यायची नाही. तुझं पत्र वाचताना तीच डोळ्यांसमोर येत होती.

शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय काढ. गिदोन गव्हाची मळणी करतोय, पण कुठं, तर द्राक्षकुंडात, म्हणजे द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात! तू खळं पाहिलेलं नाहीस, म्हणून यातली गोम तुझ्या लक्षात आली नसेल. तुझे आजोबा उफणणी करायचे तेव्हा उघड्या माळावरचं खळं लागायचं, वारा लागायचा. उंच तिपाईवर उभं राहून टोपल्यातून धान्य सोडलं की भूस वाऱ्यावर उडून जायचं आणि दाणे खाली पडायचे. खड्ड्यात उतरून मळणी करणाऱ्याला कुठला वारा मिळणार? भूस अंगावर, नाकातोंडात, आणि काम दुप्पट. तरी गिदोन तिथंच उतरला होता, कारण वर राहिलं तर मिद्यानी लोक पाहतील आणि धान्य लुटून नेतील. अशा दडून बसलेल्या माणसाला देवाचा दूत बलवान वीर म्हणून हाक मारतो.

गिदोनाला ते पटत नाही. देव आमच्याबरोबर आहे तर आमच्यावर ही वेळ का आली, असं तो तोंडावर विचारतो. वर सांगतो की माझं कूळ मनश्शेत सगळ्यांत दुबळं, आणि घरात मी सगळ्यांत धाकटा.

आता पुढचं नीट वाच. "नाही रे, तू लहान नाहीस, तुझं कूळ मोठं आहे" असं देव म्हणत नाही. त्याच्या लहानपणाचा तो वादच घालत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, असं सांगतो. मला या अध्यायात सगळ्यांत मोठा आधार वाटतो तो याचाच. मी किती लायक आहे याचा निकाल लागेपर्यंत मला थांबावं लागत नाही. तो निकाल माझ्या बाजूनं लागलाच पाहिजे असंही नाही.

आणि गिदोन लगेच शूर झाला असंही नाही गं. बाल दैवताची वेदी त्यानं पाडली ती रात्रीच्या अंधारात, घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या भीतीनं. रात्री का गेलास म्हणून त्याला कुणी रागावल्याचं शास्त्रात नाही. त्यानं खूण मागितली, मग पुन्हा मागितली, दोन्ही वेळा मिळाली. तू भीत भीत ड्युटीवर जातेस, इंजेक्शन भरताना हात थरथरतो म्हणतेस. थरथरत्या हातानं केलेली सेवाही त्याच्याकडे पोचते, लेकरा.

तू आणखी एक लिहिलंस, की रोज तीच क्षमा पुन्हा पुन्हा मागते, तरी स्वच्छ वाटत नाही. त्यावर मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुझ्या आईकडे आहे, सुट्टीत वाच. त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुवायची, माणसांनी अंग धुवायचं, तरी विटाळाची शंका फिटायची नाही. पाण्याला तोटा नव्हता, पण आता पुरे, झालं शुद्ध, असं म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतं.

तुझी प्रार्थना अशी होत चाललीय की काय, अशी मला भीती वाटते. क्षमा मागून झाली की ती मिळाली असं धरून उठायचं असतं. ख्रिस्तानं केलेलं पुरेसं नाही असं समजून आपण वरून आणखी घासत बसायचं, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. सदसद्विवेकाचा आवाज आणि दोष देणाऱ्याचा आवाज मी असा ओळखते: पहिला नेमकं बोट ठेवतो. अमक्या पेशंटशी तू तुटक बोललीस, उद्या जाऊन नीट बोल. दुसरा नेमकं काही सांगत नाही. तू मुळातच वाईट, एवढंच, आणि करायला काही काम देत नाही. प्रकटीकरणात सैतानाला बंधुजनांवर रात्रंदिवस आरोप करणारा म्हटलंय. रात्रंदिवस! तुझ्या रात्रपाळीतही तो सुट्टी घेत नसणार. प्रभूनं मात्र पेत्राला त्याच्या नाकारण्याचा पाढा वाचून दाखवला नाही. समुद्रकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजून न्याहारी दिली, प्रीतीबद्दल विचारलं, आणि मेंढरं सांभाळायला सांगितलं.

लक्ष्मीबाईंचं पुढचंही सांगते. त्यांचे पती टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची, लोकांच्या बोलण्याची आणि मनातल्या ओढाताणीची. शाळेत न शिकलेली बाई. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. नावाजलेल्या कवीचं अपुरं महाकाव्य हातात घेऊन पुढचे अध्याय या बाईनं लिहिले. मी टिळकांएवढी आहे का, हा प्रश्न पुढ्यात ठेवून बसल्या असत्या तर त्यांच्याकडून एक ओवी झाली नसती असं मला वाटतं.

पंडिता रमाबाईंचंही असंच काही. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला, तरी मनाला निवांतपणा मिळायला पुढची सात-आठ वर्षं गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला वेळ लागला. तुला लागला तर तुझा विश्वास खोटा ठरत नाही.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचंही मी नाव घेते. मंडळीतल्या कुणाला ते आवडत नाही, पण टिळकांनी संतांना कधी परकं मानलं नाही, मग मी का मानू? ती दासी होती, आणि दळता-कांडताना देव आपल्या कामाला हात लावतो असं ती गायली. ड्युटीवर बेडपॅन उचलताना, चादरी बदलताना प्रार्थना करायला तुला कुणी अडवलंय? रात्री अंथरुणावर बसून स्वतःची झडती घेण्यापेक्षा ती बरी.

आता जरा रागावून सांगते. झोप लागत नाही, जेवण जात नाही असं तू ओझरतं लिहून पुढं गेलीस. एलिया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, दूतानं भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर. महिनाभर असंच चाललं असेल तर तुमच्या रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. तू नर्स होणार आहेस, औषध घेतलं की विश्वास कमी पडला असं तू पेशंटला सांगशील का? लगेच जाणं जमत नसेल तर 14416 वर फोन लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटलं तर रात्री दोन वाजताही मला फोन कर. मी उचलीन.

पाळकसाहेबांना तुझं नाव सांगू का? बाकीचं काही सांगणार नाही, फक्त प्रार्थनेपुरतं. तुझी ना असेल तर तसं कळव.

हुरड्याचे दिवस आलेत. दोन दिवसांची रजा मिळाली तर गाडीचं आरक्षण कर, मी स्टेशनवर येते. येताना नवं-जुनं काही आणू नकोस, धुवायचे कपडे तेवढे आण.

तुझी,
मावशी