शेवटचा प्रश्न

२००० साली मुंबईचे हर्षवर्धन नवाथे ‘कौन बनेगा करोडपती’चे पहिले करोडपती झाले, तेव्हा औरंगाबादेत आमच्या मोहल्ल्यातही टाळ्या वाजल्या. काही बुजुर्ग म्हणाले, लॉटरी लागली. आम्हांस ते पटले नाही. नवाथे यूपीएससीची तयारी करीत होते आणि शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरच आला. संसदेच्या कामकाजात कोणाला भाग घेता येतो? उत्तर होते, महान्यायवादी. कलम ८८ नुसार त्यांना सभागृहात बोलता येते, मत देता येत नाही. (आमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते, अल्लाह जाणे!) नवाथे पुढे सरकारी अधिकारी झाले नाहीत, परदेशी एमबीए करून कंपनीत नोकरीला लागले.

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे करोडपती झाल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना १,५०० रुपयांवर. आमच्या लेखी हा पराक्रम मोठा. तेव्हा पुतणीचे शिक्षण बारावीनंतर थांबवायचे घरात घाटत होते. अम्मींनी टीव्हीकडे बोट करून भाईजानांना विचारले, “चूल सांभाळूनच हिला एवढं आलं ना?”

भाईजान गप्प झाले. पुतणी आता स्पर्धा परीक्षा देते. कलम ८८ तिला तोंडपाठ आहे.