गुंड्राडाचा बाप

वंशावळ म्हणजे नावाखाली नाव लिहीत जाणे, अशी माझी समजूत. म्हणून नॉर्मन सरदारांचा तक्ता हौसेने थेट शाईनेच काढला. १०६६ साली इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम, आणि त्याच्याखाली मुलगी गुंड्राडा, वॉरेन घराण्याची सून. जुन्या पुस्तकांत तसे छापलेच होते! सर तक्ता पाहून एवढेच म्हणाले, “अॅन्सेल्मचे पत्र वाचलेस का?”

वाचले. सात पिढ्यांतली सोयरीक तेव्हा चर्चला चालत नसे. विल्यमचा मुलगा राजा पहिला हेन्री आपली लेक गुंड्राडाच्या मुलाला देऊ पाहत होता. कँटरबरीचे आर्चबिशप अॅन्सेल्म यांनी हरकत घेतली : नाते एकीकडून चौथ्या, दुसरीकडून सहाव्या पिढीत जुळते. आता गुंड्राडा खरोखर राजकन्या असती तर मुलगी नवऱ्याची सख्खी मामेबहीण! आपल्याकडे आनंदाने अक्षता पडल्या असत्या. पण अॅन्सेल्म हे जवळचे नाते सोडून चौथी पिढी मोजत बसले असते का?

ब्लेडने रेघ खरवडली. कागद फाटला. गुंड्राडा १०८५ साली बाळंतपणात वारली. लुईसला तिचा कोरीव दगड आहे. तक्त्यात तिच्या शेजारी भाऊ गेरबोड तेवढा राहिला. वरची चौकट रिकामी आहे.