देहाचा आदर

गोव्यांत बॉम जेझूच्या चर्चमध्यें १५५२ सालीं निवर्तलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे देहावशेष अद्याप जपलेले आहेत. तें पाहून ख्रिस्ती लोकांस देहाचा मोह आहे व दहन करणारे आपण विरक्त आहों, असें आपणांस वाटतें. परंतु सदेह पुनरुत्थान मानणाऱ्या संत पौलानेंच पुरलेल्या देहास बीजाची उपमा दिली. बीज उगवतें तें निराळ्या रूपानें. कॅथॉलिक धर्मपीठानेंही १९६३ सालीं दहनास मुभा दिली. पुनरुत्थित येशूनें थोमा नामक शिष्यास आपले व्रण दाखविले, अशी योहानाच्या शुभवर्तमानांत कथा आहे. देहानें सोसलेलें व्यर्थ जात नाहीं, असा मी तिचा अर्थ घेतों.

गीतेंत देहास वस्त्राची उपमा आहे. कुमारसंभवांत कालिदासानें त्यालाच धर्माचें आद्य साधन म्हटलें आहे. आपण मात्र पहिलीच उपमा सोयीनें योजतों. आमच्या अंबडासारख्या गांवीं सून ताप अंगावर काढून रांधते, सासू गुडघेदुखी लपविते, आणि आपण ‘देह नश्वर’ म्हणून स्वस्थ बसतों. स्वतःचें डोकें दुखलें कीं हें तत्त्वज्ञान सुचत नाहीं, वैद्य आठवतो. पुनरुत्थान आपण मानलेंच पाहिजे असें नाहीं. पण घरांतल्या दुखणाइताची विचारपूस आजच करावी.