नानांच्या शहरात एक दिवस

काचीगुडा स्टेशनवर उतरल्या उतरल्या अम्मीनं विचारलं, "युनिवर्सिटी कित्ती दूर है?" मी म्हटलं, आधी चारमिनार, मग जेवण, मग युनिवर्सिटी. हाताशी एकच दिवस होता आणि अम्मीच्या गुडघ्यांचाही विचार करायचा होता.

आमच्या मराठवाड्यात जुनी माणसं हैदराबादला नुसतं 'शहर' म्हणायची. १९५६पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो. माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, या शहरात शिकले. तिनं मात्र ते कधी पाहिलं नव्हतं.

मुहम्मद कुली कुतुबशहानं १५९१मध्ये बांधलेला चारमिनार आज फेरीवाल्यांच्या, पर्यटकांच्या आणि मोबाईलवाल्यांच्या गराड्यात उभा आहे. अम्मी वर चढणार नव्हती, म्हणून मीही चढलो नाही. समोरच्या हॉटेलात इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली. शेजारच्या टेबलावरचा पोरगा वेटरला म्हणाला, "नक्को भाई, शक्कर कम." अम्मी हसली. "ये 'नक्को' तो अपनाच है!" खरंच आहे. दखनीनं हा शब्द आपल्या मराठीतूनच घेतला. लोक आम्हाला विचारतात, मुसलमान असून मराठी एवढी चांगली कशी? त्यांना एकदा इथं आणून चहा पाजला पाहिजे.

मक्का मशिदीत जोहरची नमाज पढलो. १६१७मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम कुतुबशाही बुडाल्यावर, १६९४मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरं झालं. एका घराण्यानं पाया घातला, त्याला हरवणाऱ्यानं काम संपवलं आणि अंगणात कबरी आहेत त्या तिसऱ्याच घराण्याच्या, निजामांच्या. कबुतरं सगळ्यांच्या डोक्यावरून सारखीच उडत होती.

लाड बाजारातून अम्मीनं सुनांसाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या आणि दुकानदाराशी पाऊण तास घासाघीस केली. मग बिर्याणी. कच्चं मुरवलेलं गोश्त, वर अर्धवट शिजलेला तांदूळ, झाकणाला कणीक लावून दिलेला दम. सोबत मिरची का सालन. शेवटी मलई घातलेला खुबानी का मीठा. "अच्छी है," अम्मी म्हणाली, "लेकिन खट्टी दाल अपने घर की." त्या खट्ट्या दाळीची पद्धत नानांनीच शहरातून घरी आणली होती, हे तिला त्या क्षणी आठवलं असावं. ती गप्प झाली.

उन्हं कलताना आम्ही उस्मानिया विद्यापीठात पोचलो. आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडाची इमारत १९३९ची. १९४८पर्यंत इथं शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. विज्ञान, कायदा, सगळं उर्दूतून. अम्मी पायऱ्यांवर बसली. मीही बसलो.

"अब्बा की पढाई पूरी नहीं हुई थी," ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. नाना पदवीधर आहेत असंच मी धरून चाललो होतो. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते शेवटच्या वर्षाला होते. गावाकडून खबर आली, तसे घरच्यांसाठी निघाले. थोरले भाऊ सापडले नाहीत. नाना परत कॉलेजात आलेच नाहीत. नंतर तिशीत बाराखडी गिरवून मराठी शिकले, नोकरी टिकवली आणि मुलीला मराठी शाळेत घातलं.

रझाकारांचे अत्याचार आम्ही शाळेत शिकलो. ते खरेच होते, ते शिकवायलाच हवेत. त्यानंतर खेड्यापाड्यातल्या मुसलमानांचं काय झालं, ते मात्र घरातल्या दबक्या आवाजात अर्धंमुर्धं कानावर यायचं.

आणि मला एकदम आठवलं. सातवीत असताना १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मी शाळेत भाषण केलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते भाषण मला नानांनी लिहून दिलं होतं, वळणदार मराठीत. रात्री समोर उभं करून तीनदा म्हणून घेतलं होतं. 'स्वातंत्र्य' शब्दावर मी अडखळायचो, तो त्यांनी सुधारून घेतला. भावाचं नाव त्यांनी काढलं नाही.

मी अम्मीला विचारलं, "त्यांना लिहिताना कसं वाटलं असेल?"

ती म्हणाली, "बोलते थे, बच्चे को यहींच रहना है. उसकू झूठ नक्को सिखाओ, और नफरत बी नक्को."

रखवालदार गेट बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला आला. अम्मी उठली, पायरीवरून हात फिरवला आणि तो हात पदराला न पुसता तशीच चालू लागली.