नरसिंहपूरचा संगम आणि आमच्या गाडीतली टाकी

पुणे जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर आग्नेय दिशेला त्याचे एक निमुळते टोक दिसते. त्या टोकावर, इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूर आहे. एका अंगाने नीरा येते, दुसऱ्या अंगाने भीमा, आणि गावापाशी दोघी एकमेकींना मिळतात. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा. दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. आसपासचे लोक गावाला नीरा-नरसिंहपूर म्हणतात. येथे लक्ष्मी-नृसिंहाचे मोठे मंदिर आहे, नदीत उतरणारा दगडी घाट आहे, आणि या बांधकामाशी पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे नाव जोडलेले आहे. वैशाखात नृसिंह जयंतीला गाव माणसांनी भरून जाते. आम्ही पोहोचलो ते डिसेंबरातल्या एका दुपारी. घाटावर दोन बायका धुणे धूत होत्या आणि पायऱ्यांवर एक म्हातारबाबा उन्हाला पाठ देऊन बसले होते.

आम्ही निघालो होतो सोलापूरला, भाचीच्या निकाहाला. बारामतीहून खालाला घेतले, काटेवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूर गाठले. तिथे चाँदशाहवलींच्या दर्ग्यावर फातिहा पढून बावड्याच्या रस्त्याला लागलो. संगम पाहायचा हट्ट अब्बांचा. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर गेली. भाटघरचे, वीरचे पाणी कोणत्या चारीला किती सुटले हे त्यांना निवृत्तीनंतरही पाठ आहे. उरलेली नीरा शेवटी जाते कुठे, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते.

या वेळी गाडी नेहमीची नव्हती. आत बसायला आठ जणांची जागा, एक लहान ओटा आणि मागच्या कोपऱ्यात संडास असलेली कॅराव्हॅन आम्ही भाड्याने घेतली होती. चैन म्हणून नाही. अम्मींचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, आणि आमच्या घरातल्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करतात. वाटेत जागा मिळेल की नाही, मिळाली तर आत पाय ठेववेल की नाही, कडी असेल की नाही, या धास्तीने दिवसभर ओठ कोरडे ठेवायचे. मग घरी आल्यावर ताप आणि जळजळ. डॉक्टर त्याला लघवीचा संसर्ग म्हणतात. आमच्याकडे नुसते ‘प्रवास बाधला’ म्हणतात. वाचक भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

अशा गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. आमच्या गाडीत तिसरी 80 लिटरची होती. निघण्याआधी घरीच हिशोब मांडला. तहारतीला दीड-दोन लिटर, वर फ्लशचे एक लिटर, म्हणजे एका खेपेला सुमारे तीन लिटर. सव्वीस-सत्तावीस खेपांत टाकी काठोकाठ. आठ माणसांना ती एक दिवस पुरते, फार तर सव्वा. परदेशी गाड्यांच्या माहितीपुस्तकांतला हिशोब कागद वापरणाऱ्यांसाठी असतो, तो आपल्या घरांना लागू पडत नाही. त्यात आपला एक फायदा मात्र आहे. या टाक्यांचा मोठा शत्रू म्हणजे कमी पाणी. पाणी कमी पडले की घाण तळाशी घट्ट बसते, तिचा ढीग होतो आणि पाईप तुंबतो. आपल्या लोट्यामुळे ती तक्रार सहसा येत नाही.

पण शिस्त लागतेच. रिकाम्या टाकीत आधी चार-पाच लिटर पाणी सोडावे, म्हणजे तळ कोरडा राहत नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत बंदच ठेवावा. उघडा राहिला तर पातळ वाहून जाते आणि जड मागे राहते. आत पडेल ते फक्त शरीरातून आलेले आणि पाणी. ओले रुमाल, लहानग्यांचे डायपर, सॅनिटरी पॅड यांच्यासाठी झाकणाचा वेगळा डबा. ओल्या रुमालांच्या पाकिटावर पाण्यात विरघळतात असे छापलेले असले तरी आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. आणि फ्लशचे झाकण उघडण्याआधी छतावरचा पंखा बंद करावा. तो चालू राहिला तर बाहेरच्या हवेऐवजी टाकीतली हवा वर ओढतो आणि सगळी गाडी नाक धरून बसते.

साफसफाईच्या सामानाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाइलचा वास असे समीकरण बसले आहे. गाडीबरोबर आम्हाला फिनाइल, संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर अशी पिशवी देण्यात आली होती. ती आम्ही घरीच ठेवली. घाण कुजवून तिचे पाणी करणारे जिवाणू या तिन्हींनी मरतात. मग टाकी कुजत नाही, सडते. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो. शिवाय या उग्र द्रव्यांनी झाकणाचे रबर कडक होऊन चिरते. त्याऐवजी भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब, मऊ ब्रश आणि जड पाण्याचे पांढरे थर काढायला लिंबूसत एवढ्यावर भागते. रबराला सिलिकॉन ग्रीस लावावे, व्हॅसलीन नाही. त्याने रबर फुगते. टाकीत घालायला जिवाणूंची पूड मिळते, तीच घ्यावी. फॉर्मल्डिहाइड असलेले निळे औषध दुर्गंधी दाबते खरे, पण ज्या सेप्टिक टाकीत ते जाईल तिथलेही जिवाणू मारते. रेल्वेच्या डब्यांखालच्या बायो-टॉयलेटचे कामही जिवाणूंवरच चालते. डीआरडीओ आणि रेल्वेने मिळून ती बसवली, त्यामुळे रुळांवर पडणारी घाण थांबली. त्यांत प्रवासी बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या टाकतात, ते वेगळे दुखणे.

वुजूचे पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाते. नळ सोडून वुजू केला तर आठ जणांच्या एका नमाजेत ती निम्मी भरते, हे आम्ही अंगणात बादली ठेवून आधीच मोजले होते. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करीत असे हदीसमध्ये येते, मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आत. मुलांना प्रत्येकी एक लहान लोटा दिला आणि त्यातच पुरवायला सांगितले. पहिल्या दिवशी कुरकूर झाली, दुसऱ्या दिवशी शर्यत लागली.

नरसिंहपूरला जोहरची नमाज आम्ही नदीकाठच्या एका लिंबाखाली अदा केली. पायऱ्यांवरच्या बाबांनी अम्मींसाठी खुर्ची मागवली. ‘पाव्हणं, बसा निवांत,’ म्हणाले, आणि मग अब्बांशी त्यांचे पाण्यावरून जे जमले ते तासभर. भीमेचे पाणी वरच्या उजनी धरणातून सोडतील तेव्हाच वाढते, नीरेचे वीर धरणावर अवलंबून. दोघांनी मिळून सारी खाती, सारे अभियंते आणि सारी आवर्तने काढली. खालाने गाडीतून चहा केला. निघताना टाकीचा काटा पाऊण भरल्याचे दाखवत होता.

गावाबाहेर ऊसतोड चालू होती. रस्त्याला लागून कोप्या, बैलगाड्या, वाढ्यांचे भारे. तिथे ओढ्यावरच्या मोरीपाशी चालकदादाने गाडी हळू केली. ‘चाचा, पाइप सोडतो खाली. पाच मिन्टाचं काम हाय. समदेच सोडत्यात.’

अब्बा म्हणाले, ‘हा ओढा कुठे जातो?’

‘जाईल की नदीला.’

‘आणि नदी?’

नदी पंढरपूरला जाते. तिथे तिलाच चंद्रभागा म्हणतात आणि आषाढीला लाखो माणसे तिच्यात उतरतात. पुढे हेच भीमेचे पाणी टाकळीला अडवून सोलापूर शहरासाठी उपसले जाते. ज्या घरी आम्ही निकाहाला निघालो होतो, त्यांच्या नळापर्यंतची वाट अब्बांनी बोटाने दाखवली. चालकदादाही मागे हटणारा नव्हता. ‘पुण्याचं समदं गटार मुळा-मुठेतून उजनीत येतंया चाचा. तुमच्या ऐंशी लिटरनं काय व्हनार?’ हा प्रश्न खोटा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी उजनीला पोहोचते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या मोरीखाली शंभर पावलांवर कोपीतली एक मुलगी घागर भरत होती. उजनीत काय होते ते सरकार पाहील किंवा पाहणार नाही. त्या घागरीत काय जाईल ते आमच्या पाइपावर होते. टायफॉइड, कावीळ, हगवण, जंत यांना ऐंशी लिटर पुष्कळ झाले. अम्मी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, पाणवठ्यावर, लोकांच्या वाटेवर आणि सावलीत घाण करणाऱ्यावर लानत आहे असे हदीसमध्ये आहे, आणि इथे तर पाणवठाही आहे, वाटही आहे आणि वर बाभळही आहे. चालकदादा हसला आणि त्याने गिअर टाकला.

कोप्यांपाशी संडास नव्हता. त्या बायका पहाटेच्या अंधारात उसात जातात आणि मग दिवसभर अंधाराची वाट पाहतात. आम्ही पडद्याआड बसून जे सोडवले, ते त्यांचे तसेच आहे.

नरसिंहपूरच्या वरच्या अंगाला नीरेवरच सराटी आहे. तुकोबांच्या पादुकांना तिथे नीरास्नान घालतात आणि मग पालखी अकलूजकडे जाते. हीच ती पालखी, जिचा देहूतून निघाल्यावर पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिच्या मुक्कामांवर आता ‘निर्मल वारी’च्या नावाने फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहतात. त्यांच्याखालीही आमच्यासारख्याच टाक्या. फरक एवढाच, की तिथे टाकी भरली की शोषक पंपाचा टँकर येणार हे आधी ठरलेले असते. टँकर ते कुठे नेऊन ओततो, हा पुढचा प्रश्न. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी सेप्टिक टाक्यांतला गाळ ठरलेल्या वेळी उपसून प्रक्रिया केंद्रात नेण्याची व्यवस्था केली आहे. बाकी ठिकाणी रात्रीच्या अंधारात शेत, ओढा, नाला. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात अशा गाड्यांसाठी थांबण्याच्या जागांचीही कल्पना आहे. आमच्या वाटेवर तशी एकही जागा लागली नाही.

महामार्गावर तिसऱ्या पेट्रोल पंपाच्या व्यवस्थापकाने होकार दिला. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘औषध काय टाकलंय?’ आदल्या वर्षी कोणत्या तरी गाडीने निळे पाणी ओतले आणि त्याची सेप्टिक टाकी महिनाभर घाण मारत होती. आम्ही जिवाणूंच्या पुडीचे पाकीट दाखवले, तेव्हा त्याने चेंबरचे झाकण उघडून दिले आणि तीनशे रुपये घेतले. भाईजानने कोपरापर्यंतचे हातमोजे घातले, वाऱ्याकडे पाठ केली, आधी मैल्याची टाकी सोडली आणि मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने तोच पाइप धुऊन निघतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप गाडीच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या पिशवीत. दोन्ही एकमेकांना कधी लागू द्यायचे नाहीत.

तिथला झाडू-पोछ्याचा पोरगा मदतीला म्हणून उघड्या चेंबरवर वाकला, तेव्हा अब्बांनी त्याचा दंड धरून मागे ओढले. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. माणूस पडतो तो तेव्हा. सेप्टिक टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पोराला यातले काही ठाऊक नव्हते. व्यवस्थापकाला होते की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

झाकण बसवले, टाकीत पाच लिटर पाणी आणि पुडीचा चमचा घातला, लिंबूसताच्या पाण्याने भांडे पुसले. अम्मींनी निघण्याआधी दोन पेले पाणी प्यायले. मोहोळपर्यंत त्यांनी तिसराही मागितला.