पाणी आधी सूचना देते

कोणतेही कर्जखाते एका रात्रीत बुडत नाही. बँकेतील ३४ वर्षांच्या नोकरीत हे मी वारंवार पाहिले. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. परंतु त्याआधीच्या काळाचेही रिझर्व्ह बँकेने तीन टप्पे पाडून दिले आहेत : पहिले ३० दिवस, मग ६० पर्यंत आणि मग ९० पर्यंत. प्रत्येक टप्प्यावर खाते निराळ्या यादीत नोंदवले जाते. हेतू एवढाच की, दुखणे लहान आहे तोवर त्यावर इलाज व्हावा. निवृत्तीनंतर घराकडे लक्ष देण्यास सवड मिळाली, तेव्हा ध्यानात आले की घरातील मोरीही अशीच असते. ती तुंबते एका दिवशी, पण तुंबण्याची सूचना कित्येक आठवडे आधीपासून देत असते.

विषय काहीसा अप्रिय आहे, हे मी जाणतो. दुकानाचा गल्ला आणि घराची तिजोरी यांची आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी मोरीची घेत नाही. ती वाहते आहे तोवर तिची आठवणही होत नाही. परंतु तिच्या दुर्लक्षाची किंमत पुष्कळदा आपल्याला न मोजता दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. म्हणून हा लेख.

प्रथम सूचना कोणत्या, ते पाहू. पहिली सूचना वेगाची. सिंकमधील पाणी पूर्वी सरळ निघून जात असे, ते आता क्षणभर रेंगाळते. हा बदल इतका हळूहळू होतो की रोज तेथे काम करणाऱ्याला तो जाणवत नाही. दुसरी सूचना आवाजाची. पाणी संपता संपता नळीतून बुडबुड असा आवाज येऊ लागतो. पाण्याला पुढे जाण्यास पुरेशी वाट नसली की आतली हवा कोंडते आणि पाण्यातूनच वर येते, त्याचा हा आवाज. तिसरी सूचना दुर्गंधीची. परंतु येथे थोडा विवेक हवा. प्रत्येक मोरीच्या खाली वाकडी नळी किंवा वाटीसारखा भाग असतो. त्यात सुमारे दोन इंच पाणी सदैव उभे असते आणि ते गटारातील वायूला घरात येऊ देत नाही. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. घर बंद ठेवून आपण पंधरा दिवस शिखरजीच्या यात्रेला गेलो, तर उन्हाळ्यात हे पाणी आटते आणि परतल्यावर घरभर वास येतो. तेव्हा मोरी तुंबलेली नसते. दोन तांबे पाणी ओतले की काम भागते. घर वापरात असूनही वास येत राहिला, तर मात्र आत काही कुजत आहे असे समजावे.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. कपडे धुण्याचे यंत्र पाणी सोडते आणि न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर येते, असे होऊ लागले तर अडथळा एका मोरीत नाही. दोन्ही नळ्या जेथे एकत्र येतात, त्याच्याही पुढे तो आहे. अशा वेळी जवळची जाळी कितीही साफ केली तरी उपयोग होत नाही.

याचा प्रत्यय आमच्याच इमारतीत आला. बारा बिऱ्हाडांची जुनी इमारत. तळमजल्यावर एक वयोवृद्ध बाई एकट्या राहतात. सारी इमारत त्यांना मावशी म्हणते. त्यांच्या न्हाणीघरात अधूनमधून पाणी वर येऊ लागले. प्लंबरने दोनदा येऊन त्यांचा ट्रॅप स्वच्छ केला, त्याचे पैसे मावशींनीच दिले. आठ दिवसांत परिस्थिती पुन्हा तशीच. वरच्या मजल्यांवर कुणालाच त्रास नव्हता, म्हणून हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे असेच सर्वांचे मत झाले. एका सकाळी मात्र न्हाणीघर भरून पाणी आतल्या खोलीत शिरले. ज्या कोपऱ्यात त्या रोज सामायिकाला बसतात, तेथील आसन त्या घाण पाण्यात भिजले.

मी खाली गेलो तेव्हा त्या पाट्यावर बसून होत्या. मी विचारले, "मावशी, पाणी वर येते तेव्हा तुमचा नळ चालू असतो का?"

"नाही हो साहेब. मी पहाटेच आटोपते. आठ वाजले, वरची कामे सुरू झाली, की येते." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आसन काय, धुता येईल. पण आज सामायिक राहिली."

त्यांच्या पहिल्या वाक्यातच निदान होते. स्वतःचा नळ बंद असता जे पाणी वर येते, ते दुसऱ्याचे असते. प्लंबरला बोलावून बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडले. चेंबर जवळजवळ कोरडे होते. येथे एक सोपा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : घरात पाणी साचले असून चेंबर रिकामे असेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या दरम्यान असतो, चेंबरही भरलेले असेल, तर तो त्याच्या पुढे, सार्वजनिक गटाराच्या दिशेने असतो. आमच्या बाबतीत उभा पाईप तळाशी जेथे वळतो, तेथेच सारे अडले होते. चेंबरच्या बाजूने लांब स्प्रिंग फिरवीत आत घातली, तेव्हा फिकट पांढरे, साबणाच्या वडीसारखे गोळे बाहेर पडले. त्यात चहाचा चोथा होता, केस होते, भांडी घासण्याच्या काथ्याचे तंतू होते. बारा स्वयंपाकघरांतील अनेक वर्षांचे तूप आणि तेल तेथे गोठून बसले होते. वरच्या अकरा घरांचे पाणी खाली येत होते आणि पुढे वाट नसल्याने सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडत होते. ते तोंड मावशींच्या घरात होते, एवढाच त्यांचा संबंध.

त्या संध्याकाळच्या सभेत, ज्याच्या घरात पाणी आले त्याने खर्च द्यावा, असा विचार एका सभासदाने मांडला. व्यापारी माणसाला भागीदारीचा अर्थ सांगावा लागत नाही. सामाईक पेढीचा तोटा एकाच भागीदाराच्या नावे टाकता येत नाही, असे मी म्हणालो. खर्च बारा ठिकाणी वाटला गेला, मावशींनी आधी दिलेले पैसेही त्यांना परत मिळाले, आणि उभे पाईप दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साफ करून घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात झाली.

तुपाचे हे वर्तन समजून घेण्यासारखे आहे. गरम असताना ते पाण्याबरोबर सहज निघून जाते आणि थंड नळीत पोहोचताच तिच्या भिंतीला चिकटते. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कठीण, न विरघळणारा थर तयार होतो. त्याला पीठ, चोथा, केस चिकटत जातात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात अशाच चरबीचा, ओले टिश्यू मिसळलेला, सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तो काढण्यास कित्येक आठवडे लागले. प्रत्येक घराने त्यात थोडीथोडीच भर घातली असणार.

आपल्या घरांतील एक जुनी रीत या दृष्टीने मला फार शहाणपणाची वाटते. माझी दादी जेवण झाल्यावर थाळीत थोडे पाणी घालून, ती बोटाने स्वच्छ करून ते पाणी पिऊन टाकीत असे. उष्टे पडून राहिले तर त्यात जीवोत्पत्ती होते, ती होऊ नये, ही त्यामागची भावना. लहानपणी आम्हाला हे अवघड वाटे. आज वाटते, त्या थाळीतून मोरीत जाण्यासारखे काही उरतच नव्हते. नव्या पिढीला एवढे जमत नसेल, तर निदान तुपाची कढई धुण्यापूर्वी जुन्या कागदाने पुसून घ्यावी, चहाचा चोथा कुंडीत घालावा आणि कणकेची परात धुण्याआधी खरवडून घ्यावी.

आता तुंबलेली मोरी मोकळी करण्याविषयी. क्रम सौम्याकडून कठोराकडे असावा. प्रथम जाळी उचलून हातमोजा घालून केस आणि गाळ काढावा. न्हाणीघरातील निम्म्याहून अधिक तक्रारी माझ्या अनुभवात एवढ्यानेच मिटतात. सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून निघतो. खाली बादली ठेवावी, तो धुवावा, त्यातील रबरी वायसर न विसरता पुन्हा बसवावा. त्यानेही न भागल्यास दांड्याचा रबरी पंप घ्यावा. रबर बुडेल इतके पाणी असू द्यावे आणि बेसिनच्या वरच्या बाजूचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे, अन्यथा सारा दाब तेथून निघून जातो. मग पंधरा-वीस वेळा दाबून ओढावे. अडथळा पुष्कळदा ओढण्याने सुटतो. त्यानंतर स्प्रिंग, तीही जोर न लावता फिरवीत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस पाहून समाधान वाटते, परंतु दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि घट्ट अडथळ्यावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. तुपाच्या थरासाठी भांडी घासण्याचा द्रव साबण आणि हाताला सोसेल असे ऊन पाणी अधिक उपयोगी. उकळते पाणी मोरीत ओतू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे जीवदयेपोटी सांगत आली. आजच्या पीव्हीसी पाईपलाही ते मानवत नाही. साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे तो मऊ पडू लागतो आणि त्याचे सांधे सैल होतात.

कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅसिड यांच्याविषयी मी आग्रहाने सांगेन. कॉस्टिक सोड्याची पूड पाण्याशी मिळताच प्रचंड उष्णता निर्माण करते. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. एक औषध चालले नाही म्हणून त्यावर दुसरे ओतणे तर अत्यंत घातक. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात तो घेण्याची वेळ कुणावरही येऊ नये. शिवाय आपण ओतलेले अ‍ॅसिड त्या नळीत तसेच उभे असते, आणि थोड्या वेळाने प्लंबर तेथेच हात घालतो. आत काही ओतले असेल तर त्याला तसे आधी सांगणे, हे आपले किमान कर्तव्य होय.

त्या माणसाविषयी आणखी थोडे. सोसायटीची सेप्टिक टाकी किंवा खोल चेंबर तुंबले की, एखाद्या मुलाला थोडे पैसे देऊन आत उतरवावे, असा सल्ला आजही दिला जातो. आतील हायड्रोजन सल्फाइड वायू आधी घ्राणशक्तीच बधिर करतो, त्यामुळे उतरलेल्या माणसाला वास येणे थांबते आणि धोका टळला असे वाटते. सुरक्षा साधनांविना माणसाला अशा टाकीत वा गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. पण हा हिशेब रुपयांचा नव्हे. पाण्यातला सूक्ष्म जीवही दुखावू नये म्हणून ते गाळून पिणाऱ्या घरांनी, आपल्या घाणीसाठी एका पंचेंद्रिय माणसाला मृत्यूच्या दारात उभे करू नये. यंत्राची गाडी बोलवावी, आणि तिची गरजच पडू नये अशी व्यवस्था ठेवावी.

त्यासाठी माझा उपाय साधा आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सिंकला बूच लावून ते ठरावीक खुणेपर्यंत भरतो, बूच काढतो आणि घड्याळ पाहतो. न्हाणीघरात भरलेली एक बादली सावकाश ओततो आणि पाणी जाईपर्यंतचे सेकंद मोजतो. हे आकडे स्वयंपाकघरातील पंचांगावर लिहून ठेवले जातात. डोळ्यांना न दिसणारा फरक आकड्यांत दिसतो. आमच्या सिंकचा आकडा स्वच्छ असताना ३५ च्या आसपास असतो. तो ५० च्या पुढे गेला की ट्रॅप उघडायचा, असा घरात नियम आहे. सुरुवातीला सूनबाई हसत असत. आता मी गावी असलो तर त्याच आकडा लिहितात. या महिन्याचा ३८ आहे. अजून घाई नाही.