मामाकडं, डॉक्टरकडं, ‘शे’

फ्रेंच शिकवताना ‘शे’ हा शब्द आला की मी फळ्यावरचं इंग्रजी पुसून टाकतो. इंग्रजीतून समजवायला गेलं की अमक्याच्या घरी, तमक्याच्या दुकानात, त्यांच्या देशात असे अर्थ पाठ करत बसावं लागतं. मराठीत एक ‘कडे’ पुरतो. आम्ही नरसी नामदेवची माणसं ‘कडं’ म्हणतो: मामाकडं, सोनाराकडं. डॉक्टरकडं जायचं तर ‘शे ल मेद्सँ’. आषाढी करून वारकरी नरसीला येतात, तेव्हाची गर्दी सांगताना म्हणतो, ‘आमच्याकडं परतवारीला पाय ठेवायला जागा नसते.’ हे ‘आमच्याकडं’ म्हणजे ‘शे नू’. त्यात एकट्याचं घर नाही, अख्खं गाव येतं. खरं तर हा शब्द लॅटिनमधल्या ‘कासा’, म्हणजे घर, यावरूनच आलेला!

जोडी पुढंही जुळते. मामाकडून आलो म्हणायचं तर ‘शे’आधी ‘द’ लावायचा. मार्सेल प्रूस्तच्या १९१३ सालच्या कादंबरीचं नाव ‘द्यु कोते द शे स्वान’. इंग्रजी नावात यातला ‘शे’ गळून गेला. मराठीत मात्र ‘स्वानकडच्या बाजूला’ असं सरळ म्हणता येतं.

पण ‘शे’ला माणूस लागतो. बेकरीवाल्याकडे ‘शे ल बुलांजे’, बेकरीत मात्र ‘आ ला बुलांज्री’. म्हणून गावाकडं, शेताकडं निघालात तर ‘शे’ नाही. ‘माझ्याकडं पैसे आहेत’ इथंही नाही. तिथं वेगळं क्रियापद. माणूस आणि जागा यांतला हा भेद खुद्द फ्रेंच लोकही विसरतात. न्हाव्याकडे निघालेला माणूस खुशाल ‘ओ क्वाफर’ म्हणतो आणि व्याकरणवाले नाक मुरडतात.

एका ठिकाणी आपला ‘कडे’ तोकडा पडतो. ‘शे नामदेव’ म्हणजे नामदेवांच्या घरी, तसंच नामदेवांच्या रचनांमध्येही. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या ६१ पदांतली एखादी लकब दाखवताना फ्रेंच अभ्यासक ‘शे नामदेव’ लिहील. आपण ‘नामदेवांकडे’ लिहिलं तर वाचणारा घराचा पत्ता विचारेल.

शब्दाच्या शेवटी लिहिलेला झेड एरवी मुका असतो, पुढं स्वर आला की बोलतो: ‘शे-झेल’, तिच्याकडे. वहीत हा शब्द उतरवताना समोर इंग्रजी अर्थ लिहू नका. ‘मामाकडे’ लिहा आणि खाली टीप ठेवा: ‘गावाकडे’ला चालत नाही.